सुमनताईंचे बारा किडे

सेनगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर बाहेर उभा राहून "चलो सेनगाव, दो शीट, दो शीट!" असं ओरडत असतो, आणि आत बघावं तर आपण चौघंच! शाळा सुटल्यावर रोज अर्धा-पाऊण तास हा असा जातो. मोबाईलला रेंज नसते. मग माणसानं करावं काय? किस्से सांगावेत! हजेरी मस्टरवर लागते, खिचडीची नोंद वहीत होते, पण किश्श्यांचं रजिस्टर आजवर कुणी ठेवलेलं नाही. म्हणून ते वाढतच गेले. आता तर एक सांगायला तोंड उघडलं की मागचे सहा धक्काबुक्की करतात.

मी गावच्या शाळेत पहिलीला शिकवतो. आमच्या आवारातच अंगणवाडी आहे, आणि तिथं सुमनताई आहेत. गावच्या सून, बारावी पास, वय माझ्याएवढंच. ताई पोरांवर कधी ओरडत नाहीत. पोरांनी गलका केला की त्या आवाज आणखी हळू करतात. मग काय सांगून राहिल्यात ते ऐकायला पोरंच गप होतात! मी हा प्रयोग माझ्या वर्गात केला. पोरांना वाटलं सरांचा घसा बसला. एकानं घरून हळद आणली.

तर आज ताईंचेच सांगतो.

*

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या ऑफिसातून ताईंसाठी चित्रांच्या पुस्तकांचं खोकं निघालं. बारा पुस्तकं, आणि बाराच्या बारा किड्यांवर! मुंगी, नाकतोडा, चतुर, काजवा, मधमाशी, शेणकिडा, असे सगळे. पानभर चित्र, खाली जेमतेम एक ओळ. खोकं निघाल्याचा फोन आला, पण खोकं काही येईना. आठ दिवस झाले, पत्ता नाही!

झालं होतं असं, की टेम्पोवाल्यानं खोक्यावरचं किड्याचं चित्र बघितलं आणि डोकं चालवलं. आमच्याकडं किड्याचं चित्र म्हणजे फवारणीचं औषध. त्यानं खोकं थेट खताच्या दुकानात उतरवून दिलं!

ताई तिथं पोचल्या तेव्हा पुस्तकं काउंटरवर ओळीनं मांडलेली. एक म्हातारे शेतकरी फुलपाखराच्या पानावर बोट ठेवून विचारून राहिले होते, "ह्याच्यावर कोनतं मारावं?" आणि दुकानदार चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगून राहिला होता, "पंपाला तीस मिली."

ताईंनी पदर खोचला आणि पुस्तकं गोळा करायला लागल्या. दुकानदार काकुळतीला आला. "ताई, दोन तरी राहू द्या की. गिऱ्हाईक थांबून बघून ऱ्हायलंय!"

"भाऊ, तुमी किडे मारायचं सांगता. मला त्याच किड्यांवर पोरं बोलती करायचीत. आपलं दोघांचं जमायचं न्हाई!"

*

पोरं बोलती करायची, हे ताईंचं खरं दुखणं. आमच्याकडचं लेकरू घरी, रानात, ओट्यावर धो धो बोलतं. शाळेच्या उंबऱ्यात पाय टाकला की त्याची वाचाच बसते. नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहतं. आपण घरी बोलतो ते इथं चालत नाही, हे त्याला कुणी न सांगताच कळलेलं असतं.

माझा उपाय सरळ होता. पहिल्या दिवसापासून अक्षरं घोटायची. मी ताईंना म्हणालो, "किडेबिडे कशाला? अ अननसाचा घ्या आणि सुरू करा."

ताई म्हणाल्या, "सर, ह्या गावात अननस कुनी बघितलाय?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर मीसुद्धा एकदाच बघितला होता, हिंगोलीत, तोही कापलेला.

"आन् मुंगी तर रोज चावती," ताई म्हणाल्या.

माझा उपाय तिथंच संपला.

पण एका पोरीपुढं ताईंचाही उपाय चालत नव्हता. मैना तिचं नाव. साडेपाच वर्षांची, पुढच्या जूनला माझ्या वर्गात येणार. बाप ग्यानबा मेंढरंवाला. रानं मोकळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मैना तोवर आजीजवळ. वर्षभर अंगणवाडीत आली, एक दिवस चुकला नाही, पण एक शब्द बोलली नाही. हं नाही की चूं नाही! आजी म्हणायची, "जीभ जड हाय लेकराची." शेजारणी म्हणायच्या, "मुकी हाय."

ग्यानबा एक दिवस ताईंना स्पष्टच सांगून गेला. "ताई, दिवाळीपतूर वाट बघतो. तवर तोंड उघडलं तर ठीक, न्हाईतर हिला मेंढरामागं नेतो. मुक्या लेकराला शाळेत बसवून काय करू? तिथं निदान कोकरं तरी सांभाळंल."

त्या दिवसापासून ताईंनी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजायला सुरुवात केली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

*

ताईंची एक पद्धत होती. पुस्तक उघडायचं, आणि स्वतः वाचायचंच नाही! "आधी तुमी सांगा, चित्रात काय चाललंय?" पोरं जे बोलतील तो पहिला धडा. छापलेली ओळ सगळ्यांत शेवटी. आणि पोरांच्या घरी त्या किड्याला जे नाव असेल ते ताई चिठ्ठीवर लिहायच्या आणि कणकेच्या खळीनं त्याच पानावर चिकटवायच्या.

एकदा मातीची घरटी बांधणारी माशी निघाली. एका पोरानं सांगितलं, "कुंभारीन!" दुसरा म्हणाला, "ह्या! आमच्यात गवंडीन म्हनत्यात!" झालं की सुरू! कुंभारीन, गवंडीन, कुंभारीन, गवंडीन! दोघंही मागं हटेनात. दुपारी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या आज्ज्यांना साक्षीला घेऊन आले!

दोन्ही आज्ज्या अंगणवाडीत मांडी ठोकून बसल्या. एक म्हणाली, "माती आनती, मळती, घागरीवानी घर करती. मंग कुंभारीनच की!" दुसरी म्हणाली, "घागर कुंभार करतो. घर गवंडी बांधतो. म्हनून गवंडीन!" तासभर नुसता रेटा. पोरं तोंड वासून ऐकून राहिली होती. माती कालवणं, लिंपणं, भेंडा, गिलावा, असे कितीतरी शब्द त्या दोघींनी तासाभरात काढले!

मी ताईंना म्हणालो, "अहो, आवरा त्यांना. तास फुकट चाललाय."

"फुकट? सर, आज भाषेचा तास ह्या दोघी घेऊन ऱ्हायल्यात. मी फकस्त लिहून घेते!"

पानावर दोन्ही चिठ्ठ्या लागल्या. मैना कोपऱ्यात शेणकिड्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिला तेच लागायचं, दुसरं दिलं तर बाजूला ठेवायची. ताईंनी विचारलं, "मैना, तुमच्यात काय म्हनतात?" मैनानं पुस्तकात आणखी डोकं खुपसलं.

*

आयांची बैठक होती. सगळ्या आया, सोबत सासवा, खोली गच्च भरलेली. ताईंनी मुंगीचं पुस्तक काढलं आणि साडेचार वर्षांच्या एका पोरीला पुढं बोलावलं. "वाच बरं."

पोरगी चित्रावर बोट ठेवून वाचायला लागली, अगदी ठसक्यात. "मुंगी दाना आनायला गेली. दाना लई जड होता. मंग ती दमली. मंग ती सावलीत बसली. मंग घरी गेली. मंग सासू म्हनली, येवढा येळ काहून लागला? आन् येकच दाना काहून आनला?"

पोरीची आई जमिनीत जाते की काय असं वाटायला लागलं. आजी पदर सावरत पुढं सरकली. "काय गं भवाने, मुंगीला सासू असती व्हय?"

पोरगी तिच्याकडं बघून म्हणाली, "असतीच की! न्हाईतर येवढी पळली असती का?"

पहिली हसली ती त्या पोरीची आईच. मग जे हसू फुटलं ते आवरेना. खुद्द आजीसुद्धा डोळे पुसायला लागली. बैठकीचे बाकीचे विषय राहिलेच. पण बाहेर पडताना ती आजी सुनेला म्हणाली, "चल, आज पानी मी शेंदते." हे मी माझ्या कानानं ऐकलंय!

*

ऑगस्टमध्ये एक साहेब तपासणीला आले. शर्ट कडक इस्त्रीचा, आवाजही तसाच. त्यांनी ताईंची पुस्तकं उघडली आणि कपाळाला हात लावला. पानांचे कोपरे दुमडलेले, बोटांचे ठसे, जागोजाग चिठ्ठ्या, खळीचे डाग. काजव्याच्या पानावर तर खिचडीचा पिवळाधमक पंजा!

"काय अवस्था केलीय ही पुस्तकांची? सरकारी वस्तू आहे ना?"

आमचे हेडसर लगेच मान हलवायला लागले. हेडसर माणूस लाखाचा, पण साहेब दिसला की त्यांची मान आपोआप हलते. साहेबांनी दोन-तीन पोरांना बोलतं केलं, पोरं घडाघडा बोलली. मग मैनाला विचारलं. मैनानं अंगठ्याकडं बघितलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ताईंचा चेहरा पडला, पण त्या म्हणाल्या, "साहेब, कोरी करकरीत पुस्तकं बघायची असतील तर शाळेच्या कपाटात हायेत. कुनीबी हात लावलेला न्हाई!"

ते कपाट हेडसरांचं. कुलूप कायम. हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला! चावी शोधण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी दार उघडलं तर आतून भुसकन् माती खाली आली. वाळवी! वरच्या दोन फळ्यांवर पुस्तकांची नुसती कव्हरं उभी होती.

साहेबांनी एक कव्हर उचलून उलटसुलट बघितलं. मग हळूच म्हणाले, "एकंदरीत काय, ताईंकडं किडे पोरांनी वाचले, आणि इथं पुस्तकं किड्यांनी वाचली."

साहेबांना विनोद करता येतो हे तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून हेडसरांनी कपाटाचं कुलूपच काढून टाकलं, आणि हे मात्र मनापासून केलं. आता पोरं त्यांच्या खुर्चीखाली बसून पुस्तकं बघतात आणि ते पाय वर घेऊन बसतात.

*

सप्टेंबरात शाळेची आणि अंगणवाडीची मिळून सहल नेली सिद्धेश्वरला. धरण दाखवायचं, ही हेडसरांची हौस. त्यांनी पोरांना दरवाजे मोजून दाखवले, पाणी कुठं जातं ते सांगितलं, घसा कोरडा केला. परत आल्यावर विचारलं, "सांगा बरं, काय पाहिलं?"

एक पोरगं उठलं. "चतुर बघितला. निळा होता. पान्यावर शेपूट टेकवून ऱ्हायला होता. टेकवायचा आन् उडायचा, टेकवायचा आन् उडायचा. त्यो पानी पीत नव्हता, अंडी घालून ऱ्हायला होता. म्हनजे ती चतुरीन होती!"

दुसरं उठलं, तिसरं उठलं. सगळा चतुरच! माझी पहिलीची पोरंही त्यात सामील. नाव विचारलं तर ज्यांना घाम फुटायचा, ती आता एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होती. मी तर फळ्याला टेकून नुसता बघत राहिलो. चौदा वर्षं अक्षरं घोटून घेतली, पण माझ्या वर्गात असा गलका कधी झाला नव्हता. लाज वाटली, आणि ताईंचा अभिमानही वाटला.

हेडसर शेवटी काकुळतीनं म्हणाले, "अरे, धरण होतं की तिथं!"

"व्हय सर," ते पोरगं म्हणालं, "त्याच्यावरच बसला होता."

*

दिवाळी आली. मैना बोलली नाही.

ग्यानबा ठरल्यासारखा आला. माणूस वाईट नाही हो. पोरीला जवळ घेतलं आणि ताईंना हात जोडले. "ताई, तुमी लई केलं. पर नशिबात न्हाई तिच्या."

ताईंनी भांडून बघितलं, विनवून बघितलं. "दादा, येक उन्हाळा थांबा. ती ऐकून ऱ्हायली, मला दिसतंय." ग्यानबानं मान हलवली. आजीही थकली होती, तिच्याच्यानं आता पोर सांभाळवत नव्हतं. पोर एकदा मेंढरामागं गेली की परत शाळेत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कितीतरी नावं मी स्वतः पटावरून कमी केलीत.

मैनाच्या हातात शेणकिड्याचं पुस्तक होतं. बापानं काढून घ्यायला हात पुढं केला, तर तिनं ते छातीशी धरलं. ताई म्हणाल्या, "राहू द्या. नेऊ द्या तिला."

मी म्हणालो, "ताई, स्टॉकला बारा पुस्तकं आहेत."

"मंग लिहा की सर, बारावं वाचायला गेलंय!"

ते दोघं गेल्यावर ताई खिचडीच्या खोलीत गेल्या आणि पातेली घासायला बसल्या. घासलेलीच पातेली परत घासत होत्या. मी पाणी ओतत राहिलो.

*

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मी फळ्यावर तारीख लिहून राहिलो होतो. आवारात ग्यानबा दिसला. खांद्यावर घोंगडी, हाताला मैना, आणि चाल अशी तावातावाची की मला वाटलं हा भांडायलाच आला. मी खडू टाकला. हेडसरही धावले. आम्ही पोचेपर्यंत ग्यानबा अंगणवाडीच्या दारात.

"ताई, घ्या ही तुमची पोरगी! मला न्हाई सांभाळायची!"

"काय झालं दादा?"

"काय झालं? गप बसंना! सकाळी उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू! शेणात किडा दिसला की ही थांबली. मेंढरं एकीकडं, ही एकीकडं. आबा, ह्यो गोळा कुटं नेऊन ऱ्हायला? आबा, ह्यो उलटा काहून चालतो? आबा, ह्याची लेकरं कुटं हायेत? मी मेंढरं वळू का हिला जबाब देऊ? संगट चार बिऱ्हाडं हायेत, समद्यांना पुस्तक दाखवून झालं. कुत्र्यालाबी दाखवलं! काल येका कोकराला समोर बसवून इचारत होती, सांग, चित्रात काय चाललंय!"

ताईंच्या हातातली थाळी खाली पडली. "बोलती?"

"बोलती? थांबवून दाखवा तुमी!"

आम्ही सगळ्यांनी मैनाकडं बघितलं. मैना बापाच्या धोतरामागं सरकली आणि अंगठ्याकडं बघायला लागली.

हेडसर वाकले. "बाळा, कुठं गेली होतीस?" काही नाही. "मेंढरं किती आहेत तुमची?" काही नाही. हेडसर ताठ झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ग्यानबा, पोरीला परत बसवायचं असेल तर तसं सांगा. आम्ही घेतोच. त्यासाठी असं कशाला..."

"म्हनजे मी खोटं बोलून ऱ्हायलो?" ग्यानबाचा चेहरा लाल झाला. "आईची आन! वाटंनं येताना जीपमधल्या मानसांचं डोकं खाल्लं हिनं! बोल गं! मैना, बोल की! आता काहून बसली तोंड शिवून?"

मैना हलेना. ग्यानबाचा आवाज फुटायला लागला. आता तो रडतो की काय असं मला वाटलं. आणि कबूल करतो, माझाही विश्वास उडाला होता. पोर मेंढरामागं सांभाळवत नसेल म्हणून हा असं सांगत असेल, असं मनात आलं.

ताईंनी मैनाला काहीच विचारलं नाही. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ग्यानबाच्या घोंगडीतून पुस्तक घेतलं, सतरंजीवर पसरलं आणि म्हणाल्या, "बसा दादा. तुमीच सांगा. चित्रात काय चाललंय?"

"मी?"

"तुमीच."

ग्यानबा जन्मात पुस्तकापुढं बसला नव्हता. तो उकिडवा बसला, कपाळ पुसलं, आणि चित्रावर बोट ठेवलं. सगळी अंगणवाडी त्याच्याभोवती गोळा झाली.

"ह्यो... ह्यो किडा हाय. त्यानं शेनाचा गोळा केलाय. आन् आता त्यो... आता त्यो त्या गोळ्यासंगं खेळून ऱ्हायलाय. पोरं चेंडू खेळत्यात, तसा."

मागून एक लहानसा हात आला आणि त्याच्या तोंडावर घट्ट बसला.

"आबा, तू गप. मी सांगती."